फत्तेखानाची जागा आणि दौलताबादचं तळं

आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांना एक मुस्लिम वक्ता लागतो. आमच्या भागात गेली दहा-बारा वर्षं तो मान बहुतेक वेळा मला मिळतो. उर्दू शाळेत शिकवणारी, पण मराठी चांगलं बोलणारी बाई. शिवाय शिक्षिका, त्यामुळे वादाचं काही बोलणार नाही, अशी आयोजकांची खात्री असते. मीही त्यांची निराशा केली नाही. दरवर्षी मी एकच गोष्ट सांगत आले, ती म्हणजे महाडच्या फत्तेखानाची.

१९२७ च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता, म्हणजे हा कागदावर मिळालेला हक्क होता. तो बजावल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली, तेव्हा मांडवाला जागा द्यायला गावातला एकही सवर्ण हिंदू तयार नव्हता. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने, आणि त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं.

ही गोष्ट खरी आहे. ती सांगितली की टाळ्या पडतात, निळे झेंडे हलतात, समोर बसलेले आमच्या मोहल्ल्यातले लोक माना डोलावतात आणि मी समाधानाने घरी येते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर एक निवृत्त शिक्षक भेटले. बौद्ध आहेत, वयाने मोठे, मला मुलीसारखं वागवतात. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, छान बोलता. पण दौलताबादचं पण सांगा की कधीतरी."

मी विचारलं, "कोणतं दौलताबादचं?"

ते फक्त हसले. म्हणाले, "बाराव्या खंडात आहे. बघा."

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांपैकी हा बारावा खंड. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं छोटंसं आत्मकथन आहे. मी बीएड केलं, इतकी वर्षं शिकवलं, दहा वर्षं बाबासाहेबांवर भाषणं दिली, आणि हे पन्नास पानांच्या आतलं लेखन मी वाचलेलं नव्हतं. त्या रात्री वाचलं.

१९३४ सालची हकीकत आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, असे तीसेक जण, वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. रमजानचा महिना होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेलं एक छोटं तळं होतं. काही जणांनी तिथे हातपाय आणि तोंड धुतलं. मंडळी दरवाजाशी पोचली, तोच पाठीमागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला. यांनी तळं बाटवलं, असा त्याचा आरडाओरडा. बघता बघता आसपासचे तरणे आणि म्हातारे मुसलमान गोळा झाले आणि जातीवरून शिवीगाळ सुरू झाली. आपण बाहेरगावचे आहोत, इथली रीत ठाऊक नव्हती, असं पाहुण्यांनी सांगितल्यावर जमाव गावातल्या अस्पृश्यांवर उलटला. तुम्ही यांना आधी का नाही सांगितलं, म्हणून. एक तरुण तर सारखा बजावत होता की प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे वागलं पाहिजे. म्हणजे अस्पृश्याने अस्पृश्यासारखं राहावं.

बाबासाहेबांचा संयम सुटला. त्यांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या तळ्यावर अडवाल का? जमाव गप्प झाला. शेवटी किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ते पाण्याला शिवू नयेत म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. या अनुभवावरून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष असा की, हिंदूंसाठी जो अस्पृश्य, तो मुसलमानासाठीही अस्पृश्यच.

महाड आणि दौलताबाद यांत फक्त सात वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे तळं आहे आणि दोन्हीकडे मुसलमान आहेत. आपण एक गोष्ट पाठ केली आणि दुसरी कुणाला ऐकूच येऊ दिली नाही. आज बाबासाहेबांच्या वारशावरून जी ओढाताण चालू आहे तिच्याबद्दल बोलताना मला ही गोष्ट आधी कबूल करायची आहे. कारण वारसा पळवल्याचा आरोप मी इतरांवर करणार आहे, आणि तो करण्याआधी आपला हिशेब दाखवायला हवा.

कापाकापीचा धंदा

आज बाबासाहेब सगळ्यांनाच हवे आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांचं लंडनमधलं घर विकत घेतलं. त्याच वर्षी इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाचं पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून त्याच वर्षापासून साजरा होऊ लागला. स्मारकं व्हायला माझी हरकत नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत देशाचे गृहमंत्री म्हणाले की आंबेडकरांचं नाव घेणं ही हल्ली फॅशन झाली आहे, आणि देशभर गदारोळ उठला. मग काँग्रेस आणि भाजप हे दोन्ही पक्ष एकमेकांना सांगत सुटले की बाबासाहेबांचा अपमान तुम्हीच जास्त केला. काँग्रेसने त्यांना निवडणुकीत पाडलं हे खरं आहे, १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात. हिंदू कोड बिलाच्या विरोधात रस्त्यावर कोण उतरलं होतं, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. दोघांनाही आपली पानं आठवत नाहीत, फक्त दुसऱ्याची आठवतात.

मुसलमानांच्या वाट्याला या राजकारणातून जे येतं ते वेगळंच आहे. एप्रिल आणि डिसेंबर महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरतं. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुसलमानांबद्दल चार कठोर वाक्यं. मुसलमानांची बंधुता मुसलमानांपुरतीच असते, फाळणीच्या वेळी लोकसंख्येची पूर्ण अदलाबदल व्हायला हवी होती, वगैरे. शिक्षकांच्या ग्रुपवरही हे येतं. पाठवणारा वर हात जोडलेले लिहितो आणि खाली 'कटू पण सत्य'. मग त्या ग्रुपमधल्या आम्हा तीन-चार मुस्लिम शिक्षकांनी काय करायचं असतं? गप्प बसायचं असतं. कारण समोर बाबासाहेब आहेत. गोळवलकरांचं वाक्य असतं तर वाद घालता आला असता.

ही वाक्यं खोटी आहेत असं आपल्याकडचे अनेक जण म्हणतात. नाहीत. बरीचशी त्यांच्या पाकिस्तानवरच्या पुस्तकातली आहेत. हे पुस्तक १९४० च्या डिसेंबरमध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या नावाने आलं आणि १९४५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचं नाव 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' झालं. शासनाच्या खंडांमध्ये तो आठवा खंड आहे. बाबासाहेबांनी हे पुस्तक वकिलासारखं बांधलं आहे. पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचं म्हणणं, दुसऱ्या भागात पाकिस्तानच्या विरोधात हिंदूंचं म्हणणं, आणि त्यापुढे स्वतःचा तपास. यातलं कुठलंही एक पान फाडलं तर कुठल्याही बाजूचा पुरावा तयार होतो.

फोटोवाले जे पान फाडतात त्याच्या मागचं-पुढचं काय आहे? त्याच पुस्तकात बाबासाहेब म्हणतात की या देशात हिंदू राज्य आलं तर ती सर्वांत मोठी आपत्ती ठरेल आणि काहीही करून ते टाळायला हवं. सावरकर आणि जिना एकमेकांचे विरोधक दिसत असले तरी हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं आहेत यावर दोघांचं पूर्ण एकमत आहे, हेही त्यांनी तिथेच दाखवून दिलं. हिंदू राज्य रोखायचं तर पाकिस्तान हा उपाय नव्हे, असंही ते सांगतात. हिंदूंमधल्या खालच्या जाती आणि बहुसंख्य मुसलमान यांच्या गरजा सारख्याच आहेत, तेव्हा धर्माच्या नावावरचे पक्ष मोडून त्यांनी एकत्र पक्ष उभा करावा, हा त्यांचा सल्ला. हे वाक्य फोटोखाली कधी आलेलं मी पाहिलेलं नाही.

लोकसंख्येच्या अदलाबदलीचं काय? तेही त्यांनी लिहिलं आहे. तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरियाचा दाखला देऊन लिहिलं आहे, आणि मला ते वाचताना त्रास होतो. पण हे लिहिणारा माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. फाळणी झाली, दंगली झाल्या, कोट्यवधी मुसलमान इथेच राहिले. अशा वेळी त्याने जे संविधान सभागृहात मांडलं त्यात इथे राहिलेल्या मुसलमानाला अर्धं किंवा पाऊण नागरिकत्व दिलं नाही, पूर्ण दिलं. ज्या २९ आणि ३० व्या कलमांनी अल्पसंख्याकांना भाषा, लिपी आणि शिक्षणसंस्थांचा हक्क दिला, त्यांच्याच आधारावर मी आज उर्दू शाळेच्या वर्गात उभी आहे. १९४० चा तर्क सांगायचा आणि १९५० चा कायदा लपवायचा, याला वारसा म्हणत नाहीत.

समान नागरी कायद्याचं तसंच. २०२४ मध्ये उत्तराखंडने असा कायदा केला तेव्हा बाबासाहेबांचं स्वप्न पूर्ण झाल्याच्या पोस्ट फिरल्या. २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली. मुस्लिम सदस्यांच्या दुरुस्त्या बाबासाहेबांनी स्वीकारल्या नाहीत, हे खरं. त्याच भाषणात ते असंही म्हणाले की सुरुवातीला हा कायदा ऐच्छिक ठेवता येईल, जे स्वतःहून तसं जाहीर करतील त्यांनाच तो लागू व्हावा. 'ऐच्छिक' हा शब्द पोस्टमधून गळून पडतो.

इथपर्यंत आपल्या लोकांना माझं लिखाण आवडलं असेल. आता पुढचं.

आणि आपण?

आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवरही बाबासाहेब फिरतात. तिथे एक संदेश दरवर्षी येतो. बाबासाहेबांना संविधान सभेत जायला सगळे दरवाजे बंद होते, तेव्हा बंगालमधून मुस्लिम लीगने आपली मतं देऊन त्यांना निवडून आणलं. मुसलमान नसते तर संविधान नसतं. मीही हे एकदा भाषणात सांगितलं आहे. त्याची आज लाज वाटते.

१९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले, एवढं खरं. त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या अनुसूचित जातींच्या आमदारांची धडपड होती. लीगची मतं त्यांना मिळणं शक्यच नव्हतं, कारण त्या निवडणुकीत प्रांतिक विधिमंडळांचे सदस्य सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख अशा वेगवेगळ्या गटांत मतदान करत होते. मुस्लिम आमदारांनी मुस्लिम जागा भरायच्या होत्या. फाळणीनंतर ती जागाही गेली आणि बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. म्हणजे ज्या उपकाराची वसुली आपण दलितांकडून करतो, तो उपकार आपण केलेलाच नाही. श्रेय होतं ते बंगालमधल्या नमोशूद्रांचं, आणि आपण ते आपल्या नावावर लावून घेतलं. समोरच्याने फोटोखाली वाक्य चिकटवलं तर तो अपप्रचार. आपण चिकटवलं तर काय?

आता फाळणीच्या पुस्तकातलं आपण लपवतो ते प्रकरण. त्यात बाबासाहेब मुस्लिम समाजाच्या साचलेपणाबद्दल लिहितात. पडद्याबद्दल लिहितात, बायकांच्या आरोग्यावर आणि मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल लिहितात. जातींबद्दल लिहिताना १९०१ च्या जनगणनेतल्या बंगालच्या अहवालाचा आधार घेतात. अश्राफ म्हणजे उच्चकुलीन, अजलाफ म्हणजे हलके समजले जाणारे धंदेवाले, आणि त्यांच्याही खाली अरजल, ज्यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवत नाहीत, ज्यांना मशिदीत येऊ देत नाहीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात जागा देत नाहीत. हिंदूंमध्ये निदान सुधारणेची चळवळ तरी उभी राहिली, मुसलमानांमध्ये तीही नाही, हा त्यांचा सर्वांत झोंबणारा मुद्दा.

हा मुस्लिमद्वेष आहे, असं म्हणून आपण पुस्तक मिटवतो. मिटवल्यामुळे पुढचं वाचायचं राहून जातं. बाबासाहेब तिथे थांबत नाहीत, असं का झालं ते विचारतात. त्यांचं उत्तर असं की, मुसलमान अशा परिसरात राहतो जिथे आजूबाजूचं सगळं हिंदू आहे आणि ते हळूहळू आपल्याला गिळेल अशी त्याला भीती वाटते. म्हणून जे जे इस्लामी म्हणून समोर येईल ते ते तो घट्ट धरून ठेवतो. ते आपल्या भल्याचं आहे की नाही, हे तपासायचीही त्याला उसंत नसते. शिवाय राजकीय लढ्यातच त्याची सगळी ताकद खर्च होते, आतली घाण काढायला ती उरत नाही. माझ्या शाळेतल्या पालकसभेत गेल्या काही वर्षांत मी जे बघते आहे ते याहून चांगल्या शब्दांत कुणी सांगितलेलं नाही. बुरख्यावर बाहेरून हल्ला झाला की आतली जी मुलगी आईशी वाद घालत होती तीही गप्प होते. आता हा इज्जतीचा प्रश्न आहे, म्हणते. आपल्या भीतीचं इतकं नेमकं निदान करणाऱ्या माणसाला आपण द्वेष्टा म्हणतो.

१९५१ चं राजीनाम्याचं निवेदनही असंच अर्धं वापरलं जातं. पंतप्रधानांचं सगळं लक्ष मुसलमानांच्या संरक्षणाकडे आहे, अशी तक्रार त्यात आहे आणि ती फोटोवाल्यांना आवडते. मुसलमानांना गरज पडेल तिथे पूर्ण संरक्षण देण्याच्या इच्छेत मी कुणालाच, पंतप्रधानांनाही हार जाणार नाही, हेही त्याच निवेदनात आहे आणि ते आपल्याला आवडतं. या दोन्हींमधला त्यांचा प्रश्न मात्र कुणालाच नको असतो. संरक्षणाची गरज फक्त मुसलमानांनाच आहे का? अनुसूचित जातींचं काय, जमातींचं काय? आपण कधी विचारलं? खैरलांजी झालं २००६ मध्ये, आपल्याच राज्यात. आमच्या शहरात त्या मोर्च्यात दाढी-टोपीवाले किती होते? मला मोजायला एक हात पुरला असता. नागरिकत्व कायद्याच्या वेळी मात्र आपल्याला निळा झेंडा शेजारी हवा होता, आणि तो आला. बाबासाहेबांचा फोटो आणि प्रास्ताविका हातात धरून आपण बसलो. ते योग्यच होतं. पण कायदा झाला तो २०१९ च्या डिसेंबरात. त्याआधीच्या डिसेंबरांमध्ये, सहा तारखेला, दादरच्या चैत्यभूमीवर आपण कुठे होतो? आपल्याला ती तारीख बाबरीसाठी ठाऊक होती.

'जय भीम, जय मीम' ही घोषणाही त्याच वर्षी जोरात होती. २०१९ च्या लोकसभेला वंचित आणि एमआयएम एकत्र लढले, औरंगाबादची जागा निघाली. सहा महिन्यांच्या आत, विधानसभेच्या जागावाटपावरून आघाडी मोडली. दोष कोणाचा यावर दोन्हीकडचे आजही भांडतात. माझं म्हणणं एवढंच की, जिथे एकमेकांच्या घरचं पाणी पिण्याची सवय नसते तिथे फक्त जागांचा हिशेब असतो, आणि हिशेब कधीही बिघडतो.

लपवलेल्या पानाची किंमत

मला माहीत आहे, काय उत्तर येईल. "मॅडम, ही वेळ नाही. चहूकडून मार पडतोय, आणि तुम्ही घरातली भांडणं चव्हाट्यावर आणता. उद्या तुमचाच लेख ते फोटो करून फिरवतील."

फिरवतील. त्याची मला खात्री आहे. तरीही या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत.

एक, 'ही वेळ नाही' हे १९४० मध्येही म्हटलं जात होतं. ऐंशीहून जास्त वर्षांत आपल्याला एकदाही वेळ मिळाली नाही. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला तेव्हाही नव्हती. शाहबानो प्रकरणात नव्हती, तिहेरी तलाकच्या वेळी नव्हती. आपण स्वतःहून काही केलं नाही, आणि शेवटी कायदा केला तो आपल्याबद्दल प्रेम नसलेल्यांनी, नवऱ्याला तुरुंगात टाकणारा.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. जे पान आपण लपवतो, तेच आपल्यातल्या सर्वांत गरीब माणसाच्या कामाचं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मेहतर, हलालखोर अशा बिरादऱ्यांचा मुसलमान आजही बाहेर आहे. त्याचा बाप जे काम करत होता तेच तो करतो, त्याच वस्तीत राहतो, पण त्याला ना त्या सवलती आहेत ना राखीव मतदारसंघातून उभं राहण्याचा हक्क. हा प्रश्न वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०२२ मध्ये त्यासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दर्जा द्यायला विरोध करणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद काय असतो? इस्लाममध्ये जात नाही, अस्पृश्यता नाही, मग दर्जा कशाला?

हा युक्तिवाद त्यांना कुणी शिकवला? आपण. दर शुक्रवारी, दर जलशात. एकाच सफेत उभे राहिले महमूद आणि अयाज, हे ऐकत आपण मोठे झालो. सफेत उभे राहतात, खरं आहे. पण सोयरिकीचा बायोडेटा वाचा. 'सय्यद, पठाण यांनाच प्राधान्य', असं स्वच्छ छापलेलं असतं. बागवानाची मुलगी अत्तारांकडे दिली तर वर्षभर चर्चा होते, आणि मेहतराच्या घरी ईदचा शीरखुर्मा खायला किती घरं जातात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी मुस्लिम ओबीसींच्या सवलतींसाठी महाराष्ट्रभर फिरत होते, तेव्हा त्यांना सर्वांत आधी आपल्याच लोकांचे टोमणे ऐकावे लागले. कौमेत फूट पाडताय, म्हणून. आज त्याच दाखल्यावर आमच्या शाळेतल्या किती तरी पोरी डीएड, नर्सिंगला लागल्या.

म्हणजे बाबासाहेबांचं ते कठोर प्रकरण, आणि दौलताबादच्या तळ्याची ती हकीकत, हे आपल्याविरुद्धचे पुरावे आहेतच. पण अरजल म्हणून बाजूला टाकलेल्या मुसलमानासाठी तेच पुरावे त्याच्या बाजूचे आहेत. आपल्या इभ्रतीसाठी आपण ते दडपतो आणि किंमत त्याचं पोर मोजतं. फोटोवाले बाबासाहेबांची वाक्यं वापरतात ती आपल्याला अपमानित करायला. आपण तीच वाक्यं आपल्या माणसाला हक्क मिळवून द्यायला वापरू शकतो. त्यासाठी ती खोटी आहेत असं म्हणणं आधी बंद करावं लागेल.

बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा तिटकारा लपवला नाही. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. अशा माणसाची जयंती भक्तीने साजरी करायची, आणि त्यातही आपल्याला गोड लागेल तेवढ्याचीच, यात त्यांचा मान नाही. ते मुसलमानांचे मित्र होते की शत्रू, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याने स्वतःच्या अस्पृश्य समाजालाही मेलेल्या जनावराचं मांस खाण्यावरून, शिक्षणाकडे दुर्लक्ष केल्यावरून खडसावलं, तो आपल्याशीच गोडगोड का बोलेल? जो माणूस बरोबरीचा मानतो तो स्पष्ट बोलतो. गोड बोलणारे आपल्याकडे पुष्कळ येऊन गेले, इफ्तारच्या टोपीसकट.

यंदा १४ एप्रिलला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी महाड, मग दौलताबाद. फत्तेखानाला नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. दौलताबादच्या वेळी मांडवात शांतता होती. आमच्या बाजूच्या खुर्च्यांवरून दोघं-तिघं उठून गेले. नंतर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी घरी निरोप पाठवला, "बेटी, ये बातें वहाँ कहने की नहीं थीं." मी त्यांना सलाम कळवला आणि विचारलं, "चाचा, वहाँ नहीं तो कहाँ? मस्जिद में इजाज़त है?" अजून उत्तर आलेलं नाही.

ज्या बौद्ध सरांनी मला बारावा खंड दाखवला होता ते पुढच्याच रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "आता आमच्या लोकांनीही फत्तेखान लक्षात ठेवला पाहिजे. आमच्यातली पोरंसुद्धा हल्ली ते फोटो फॉरवर्ड करतात."

बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दौलताबादला विचारलेला प्रश्न तसाच शिल्लक आहे. तुमचा धर्म हेच शिकवतो का? त्या दिवशी जमाव गप्प राहिला होता. उत्तर आपल्याला द्यायचं आहे आणि ते भाषणात देता येणार नाही. या ईदला मेहतर मोहल्ल्यातलं एक घर निवडा, जाऊन बसा आणि तिथलं पाणी प्या. वारशावर दावा सांगायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल.